चौघांचं घर, रोज भरलेली बादली: कचरा आणि खरेदी कमी करायला सुरुवात कुठून?

रिकामीबादली

घरात चौघं: दोन मोठी माणसं, एक मूल नऊ वर्षांचं, एक दीड वर्षाचं. ओला-सुका वेगळा होतो, रद्दी-भंगार वेगळं जातं, तरी एकूण ढीग तेवढाच राहतो. अडलेल्या जागा अशा:

ओल्या कचऱ्याचं खत करायला २० लिटरची झाकणाची बादली आहे. तिला कुजका वास येतो, आत अळ्या आहेत आणि तळाशी काळं पाणी साचतं. आठवड्याला दोन-तीन प्रकारची भाजी खराब होऊन टाकावी लागते. पार्सलची खोकी आणि आतलं प्लास्टिक थांबत नाही. डायपर रोज पाच-सहा लागतात. शिवाय एक शंका आहे: स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे डबे काढून काचेचे किंवा स्टीलचे आणावेत का?

सगळं एकदम जमणार नाही हे माहीत आहे. कोणत्या क्रमाने हात घालावा, आणि आकड्यांसकट सांगितलंत तर फार बरं.

लटकताकाटा

डबे आणू नका. निदान पहिले दोन महिने "कचरा कमी करण्यासाठी" म्हणून काहीच विकत घेऊ नका.

आधी मोजा. सामान मोजायचा लटकता काटा पुरतो. १४ दिवस, रोज कचरा बाहेर जाण्यापूर्वी सहा पिशव्यांची वजनं लिहायची:

१. साली, देठ, बिया, चहाचा चोथा
२. खाता आलं असतं पण टाकलं असं अन्न
३. कागद-पुठ्ठा
४. काच आणि धातू
५. प्लास्टिक (कडक आणि पातळ वेगळं लिहा)
६. डायपर, पॅड, पट्ट्या वगैरे

पहिल्या दोन पिशव्या वेगळ्या ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. "ओला कचरा ९०० ग्रॅम" या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्यातलं ३०० ग्रॅम खाण्याजोगं होतं हे कळलं की काम दिसतं. दुसऱ्या पिशवीत काही टाकताना एका शब्दात कारण लिहा: नासलं, उरलं, विसरलं, आवडलं नाही. "नासलं" जास्त निघालं तर साठवण चुकते आहे, "उरलं" जास्त निघालं तर शिजवण्याचं माप.

वजनाबरोबर पिशवी किती भरली तेही लिहा. पाण्यामुळे ओला कचरा जड होतो, पॅकिंग हलकं असूनही जागा खातं. फक्त वजन पाहिलं तर पॅकिंग नजरेतून सुटतं.

पडताळायला एक आकडा देतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांमधून गेलं. घरगुती वाटा सरासरी माणशी वर्षाला ७९ किलो. यात साली-हाडंही धरलेली आहेत. चौघांच्या घराला हे आठवड्याला साधारण ६ किलो पडतं. तुमच्या पिशव्या १ आणि २ मिळून याहून बऱ्याच जड असतील तर सुरुवात स्वयंपाकघरातून करा.

पाहुणे असतील ते दिवस मोजणीत धरू नका. तीन महिन्यांनी पुन्हा १४ दिवस मोजा. मधल्या काळात रोज मोजत बसलं की घरातले कंटाळतात आणि वजनं अंदाजाने लिहिली जातात.

खालचाकप्पा

भाजीबद्दल लिहिते.

आधी फ्रिजचं तापमान बघा. मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर राहू द्या. सकाळी ५ अंश किंवा कमी दिसायला हवं, फ्रीझरमध्ये उणे १८. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, म्हणून पाण्यात मोजायचं. दाराचे कप्पे सगळ्यात गरम असतात, तिथे दूध ठेवू नये. फ्रिज ठासून भरला तर गार हवा फिरत नाही, आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या पालेभाजीची पानं गोठून काळी पडतात.

पालेभाजी लवकर जाते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक म्हणजे पानांवर राहिलेलं पाणी. आणल्यावर धुऊन ओली ठेवू नका. सडकी पानं काढा, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळा, डब्यात ठेवा. कापड दमट झालं की बदला. दुसरं कारण इथिलीन वायू. सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो हा वायू सोडतात. त्यांच्याशेजारी पालेभाज्या पिवळ्या पडतात आणि गाजर कडवट होतं. फळं आणि भाज्या वेगवेगळ्या खणांत ठेवणं एवढाच उपाय.

बटाटे फ्रिजमध्ये नकोत. फार गारव्यात त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि असे बटाटे तळले की जास्त करपतात, ॲक्रिलामाइड हे नको ते रसायनही जास्त तयार होतं. त्यांना अंधारी, हवेशीर, थंड जागा द्या. कांदे कोरड्या जागी, बटाट्यांपासून लांब.

आता खरेदीचं गणित. सात दिवसांची भाजी आणताना पाच दिवसांचाच बेत आखा. उरलेले दोन दिवस आधीच्या उरल्यासुरल्यावर आणि कोरड्या सामानावर निघतात. आणलेल्यातलं नाजूक ते पहिल्या दोन दिवसांत (पालेभाज्या, मशरूम), मधलं तिसऱ्या-चौथ्या दिवशी (फ्लॉवर, काकडी), टिकाऊ शेवटी (कोबी, गाजर, भोपळा). डोळ्यांच्या रेषेतल्या कप्प्यात एक ट्रे ठेवा, त्यावर "आधी हे संपवा" अशी चिठ्ठी. झाकण पारदर्शक असावं किंवा नसावंच. न दिसणारं अन्न विसरलं जातं.

शिजवण्याचं माप असं बसवा: तांदूळ किंवा दुसरं धान्य आठवडाभर वजन करून शिजवा, उरलेलं वजन करा. सलग तीन दिवस उरलं तर पुढच्या आठवड्यात कच्चं माप दहा टक्क्यांनी उतरवा. एकदम अर्ध्यावर आणलंत की एके दिवशी कमी पडतं आणि मग धास्तीने पुन्हा जास्त शिजवलं जातं.

उरलेलं वाचवताना तब्येतीशी खेळ नको. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. खोल पातेल्यात ते आत गरम राहतं, म्हणून पसरट भांड्यात पाच सेंटीमीटरपेक्षा कमी थरात काढा. पुन्हा गरम करताना आतपर्यंत वाफाळलं पाहिजे, ७५ अंशांपर्यंत, आणि तेही एकदाच. भाताची विशेष काळजी घ्या. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजूनही मरत नाहीत, आणि भात बाहेर राहिला तर तयार होणारं विष परत गरम केल्याने जात नाही. तीन-चार तास बाहेर राहिलेला भात टाकून देणंच योग्य.

पाकिटावरच्या दोन तारखा एकच नव्हेत. "बेस्ट बिफोर" ही चवीची, दर्जाची तारीख. ती उलटलेली कोरडी वस्तू बघून, वास घेऊन, चाखून ठरवा. "यूज बाय" ही सुरक्षिततेची तारीख, ती पाळायची.

घाऊक धान्यखरेदीत पॅकिंग वाचतं, पण किडे पडले तर सगळंच जातं. छोट्या पिशव्या उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवल्या की किडींची अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दमटपणा धरून धान्य सादळतं.

कर्बनत्र

खताच्या बादलीकडे येतो. कुजका वास, काळं पाणी, अळ्या, तिन्हींचं कारण एकच: पाणी जास्त, हवा कमी. हवा लागली की ओला कचरा मुरतो, नाही लागली की सडतो.

कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं गुणोत्तर २५ ते ३० च्या आसपास हवं, म्हणजे एका भाग नत्राला २५-३० भाग कर्ब. स्वयंपाकघरातला कचरा साधारण १५-२० वर असतो, वाळलेली पानं ५०-६० वर, पुठ्ठा आणि लाकडाचा भुसा ३०० च्याही वर. घरी हे मोजायची गरज नाही. आकारमानाने एक भाग ओल्याला एक ते दीड भाग सुकी पानं किंवा फाडलेला पुठ्ठा घातला की जमतं. बारीक भुसा एकटा वापरू नका, तो दाबून बसतो आणि हवा अडवतो. प्लायवुडचा किंवा रंगवलेल्या लाकडाचा भुसा तर अजिबात नको.

तुमची बादली लहानही आहे. चौघांचा ओला कचरा रोज सुमारे २ लिटर धरा, त्यावर सुकं २-३ लिटर. मुरताना ढीग बसत जातो, तरी महिन्याला ६० लिटरच्या आसपास जागा लागते. ५० ते ६० लिटरची तीन पिंपं घ्या: एक भरायचं, दोन मुरत ठेवायची. महिन्याने पाळी बदला, म्हणजे प्रत्येकाला दोन महिने मुरायला मिळतात. जुनी पिंपं चालतील, मात्र त्यांत पूर्वी रसायन किंवा रंग नसावा.

भोकं ६ ते ८ मिलिमीटरची, बाजूंना दर १० सेंटीमीटरवर आणि तळाला आठ-दहा. आतून खिडकीची बारीक जाळी लावा. पिंप विटांवर उचला, खाली ताट ठेवा. तळाशी ५-७ सेंटीमीटर जाड काड्या किंवा नारळाची शेंडी, त्यावर चार मुठी जुनं खत किंवा बागेतली माती. बाजारातलं खताचं विरजण (तयार जिवाणूंचं मिश्रण) घातलं तर चालतं, पण त्याच्यावाचून अडत नाही. खत करणारे जिवाणू मातीत असतातच.

रोजचं काम पाच मिनिटांचं. कचरा ३-४ सेंटीमीटरचे तुकडे करून दहा मिनिटं चाळणीत निथळवा. पिंपात पसरा, वर सुकं घाला. वरचा २-३ सेंटीमीटर थर नेहमी सुकाच दिसला पाहिजे. चिलटं आणि माश्या उघड्या ओल्यावरच अंडी घालतात. आठवड्यातून दोनदा काठीने तळापासून वर करा. ओल तपासायला मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर सुकं वाढवा, मूठ उघडताच भुगा सांडला तर पाणी शिंपडा.

आता असलेली बादली अशी सावरा: ताटात उपसा, तळाचं पाणी निथळू द्या, तेवढ्याच आकारमानाचा फाडलेला पुठ्ठा मिसळा, भोकं पाडून परत भरा आणि आठवडाभर नवीन काही घालू नका. रोज एकदा हलवा. चार-पाच दिवसांत वास उतरतो.

वासावरून दोष ओळखता येतो. सडक्या अंड्यासारखा असेल तर हवा नाही. नाकाला झोंबणारा अमोनियासारखा असेल तर सुकं कमी. वास नाही आणि दोन आठवड्यांत काही बदललंही नाही, तर ढीग कोरडा पडलाय. अळ्यांचं म्हणाल तर चपट्या, तपकिरी, दोन सेंटीमीटरच्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा झपाट्याने खातात आणि उपद्रव देत नाहीत. बारीक पांढऱ्या अळ्या घरमाशीच्या असू शकतात, म्हणजे वरचा सुका थर कमी पडतोय.

घरगुती पिंप तापत नाही, हे विसरू नका. रोगजंतू मरायला ढीग ५५ अंशांवर काही दिवस राहावा लागतो आणि एवढी ऊब धरायला साधारण एक घनमीटर माल लागतो. म्हणून डायपर, प्राण्यांची विष्ठा, रोगट झाडं यात नकोत. "कंपोस्टेबल" लिहिलेल्या बहुतेक पिशव्या मोठ्या प्रकल्पातल्या ५८ अंशांच्या आसपास तपासलेल्या असतात. तुमच्या पिंपात त्या महिनोन्‌महिने तशाच राहतील. चहाच्या पुरचुंड्या फाडून आतला चोथाच घाला, पुष्कळ पुरचुंड्यांच्या कागदात प्लास्टिकचे धागे असतात. दुकानांच्या गुळगुळीत पावत्या बहुधा थर्मल कागदाच्या असतात, त्यांच्यावर रसायनाचा लेप असतो. त्या खतात नको आणि रद्दीतही नको.

खत झालं का ते बघायला मूठभर ओलसर खत पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार, आंबूस आला तर अजून महिनाभर राहू द्या. कुंडीत एक भाग खत, तीन भाग माती.

यादीआधी

वरचं सगळं बरोबर आहे, पण क्रमाबद्दल माझं मत वेगळं. खत हा शेवटचा टप्पा आहे. पिंप उत्तम चाललं की चांगलं अन्न टाकतानाही हात कचरत नाही, कारण "खतच होतंय". पिशवी २ चं वजन पिंप लागल्यावर वाढलं नाही ना, ते जरूर बघा.

पार्सलसाठी फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. चार रकाने: वस्तू, तारीख, कोणासाठी, आणि "सध्या हे काम कशाने होतं?" चौथा रकाना भरल्याशिवाय वस्तू यादीत घ्यायची नाही. अर्ध्या दिवसाच्या कमाईपेक्षा स्वस्त वस्तूला ७ दिवस थांबायचं, त्याहून महागाला ३०. औषधं, शाळेचं साहित्य आणि बिघडलेल्या रोजच्या वस्तू यातून वगळा, नाहीतर नियम जाचक होतो आणि पूर्णच मोडतो.

फोनमध्ये साठवलेला कार्डचा नंबर काढून टाका, खरेदीच्या ॲपच्या सूचना बंद करा. दरवेळी नंबर टाकायला लागणारी दोन मिनिटं खरोखर उपयोगी पडतात. ऑर्डर महिन्यातून दोन ठरलेल्या दिवशी, एकत्र. कपडे-बूट मागवताना घरातल्या नीट बसणाऱ्या कपड्याची मापं टेपने घेऊन तक्त्याशी जुळवा. माप चुकून परत गेलेल्या वस्तूचं पॅकिंग आणि वाहतूक दुप्पट होते.

साबण, टूथपेस्ट, धुण्याची पावडर यांचं सूत्र: एक वापरात, एक शिल्लक. शिल्लक उघडली की त्याच क्षणी यादीत लिहायचं. पावडर मापानेच घाला. जास्त घातली की कपड्यात राहते, परत खळबळावं लागतं, आणि पुडाही लवकर संपतो.

मुलांच्या खेळण्यांचे चार खोके करा, एक बाहेर, तीन वर. दर दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल. कपडे फक्त पुढच्या एका मापाचे साठवा; दोन मापं पुढचे कपडे बसायची वेळ येते तेव्हा बऱ्याचदा ऋतू चुकलेला असतो. नऊ वर्षांच्या मुलाला यादीत स्वतःच्या हाताने लिहू द्या आणि मुदत संपली की निर्णयही त्यालाच घेऊ द्या, "नको" म्हणाला तरी आणि "हवं" म्हणाला तरी.

एक गोष्ट कळकळीने सांगते: दुसऱ्याच्या वस्तू त्याला न विचारता काढू नका. तसं झालं की घरातली माणसं वस्तू लपवून आणायला लागतात, मग कितीही नियम केले तरी चालत नाहीत. नकोशा वाटणाऱ्या वस्तू खोक्यात घाला, वर यादी आणि सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा. तोवर ज्याला जे लागेल ते त्याने काढून घ्यावं.

सुईदोरा

डब्यांबद्दल लटकताकाटा यांच्याशी सहमत. आहेत ते प्लास्टिकचे डबे कोरड्या सामानाला वापरत राहा. गरम आणि तेलकट पदार्थ मात्र त्यांत नकोत, तेवढ्यासाठी घरातली काच-स्टील वळवा.

कापडी पिशव्यांचंही तेच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यासाठी झालेल्या २०१८ च्या अभ्यासात साध्या सुती पिशवीने पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला, फक्त हवामानावरचा परिणाम धरला तर ५२ वेळा, आणि सगळे परिणाम धरले तर ७१०० वेळा वापर लागतो असं निघालं. नवी पिशवी घेण्यापेक्षा जुन्या चादरीची शिवा, आणि एक कायम बाहेर जायच्या सामानात ठेवा. घरी राहिलेली पिशवी निरुपयोगी.

दुरुस्तीत सगळ्यात सोपं काम बॅगेच्या चेनचं. चेन लावल्यावर मागून उघडत असेल तर दात बहुधा चांगले असतात, रनर (चेनवर सरकणारा तुकडा) सैल झालेला असतो. पकडीने रनरच्या दोन्ही कडा मागच्या बाजूने अगदी हलक्या दाबा, एकेक करून, आणि दरवेळी चालवून बघा. जास्त दाबलं तर रनर अडतो किंवा तुटतो. नवा घ्यायचा तर जुन्याच्या पाठीवरचा आकडा बघून घ्या.

डायपर पूर्ण बंद करायच्या मागे लागू नका. दिवसा घरात कापडी, रात्री आणि बाहेर नेहमीचे, इथून सुरुवात करा. दिवसाचे चार वाचले तरी पिशवी ६ अर्ध्याहून खाली येते. दोन दिवसांआड धुणार असाल तर १५-१६ कापडी लागतील, शक्यतो कोणाचे वापरलेले घ्या. विष्ठा शौचालयात, मग गार पाण्यात खळबळून ६० अंशांवर धुणं. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. मशीन पूर्ण भरून लावा आणि दोरीवर वाळवा. अर्धी मशीन आणि ड्रायर वापरलात तर कापडी डायपरचा फायदा बराचसा निघून जातो.

बॅटऱ्यांचंही आत्ताच ठरवा. लिथियमच्या बॅटऱ्या कोणत्याही पिशवीत टाकू नका, टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात जमवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. कचऱ्यात दाबल्या गेल्या की त्या पेटतात.

रिकामीबादली

सगळ्यांचे आभार. उद्यापासून मोजणी आणि फ्रिजच्या दारावर कागद. एक अडचण: आमच्याकडे वाळलेली पानं मिळत नाहीत, पार्सलचा पुठ्ठा मात्र भरपूर आहे. नुसत्या पुठ्ठ्यावर पिंप चालेल का? आणि छापील खोकी चालतील?

कर्बनत्र

चालेल. चिकटपट्टी, पत्त्याची लेबलं आणि पिना काढा. फाडल्यावर कडेला पारदर्शक पापुद्रा सुटून आला तर ते खोकं प्लास्टिकच्या थराचं आहे, ते रद्दीवाल्यालाही आधी विचारूनच द्या. साधी तपकिरी खोकी, त्यांवरची काळी छपाई असली तरी चालते.

पुठ्ठा पाण्यात पाच मिनिटं भिजवून पिळला की हाताने सहज फाटतो. २-३ सेंटीमीटरचे तुकडे करा, सावलीत वाळवून पोत्यात भरून ठेवा. सपाट मोठे तुकडे एकावर एक बसून चिकटतात आणि हवा अडते, म्हणून थोडे चुरगळून घाला. पुठ्ठ्यात कर्ब खूप जास्त, तेव्हा पानांपेक्षा कमी लागेल: एक भाग ओल्याला पाऊण ते एक भाग. काम मंदावलेलं वाटलं तर चहाचा चोथा वाढवा, त्यात नत्र बऱ्यापैकी असतं. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मिळत असतील तर ते सगळ्यात चांगले, दाबले तरी त्यांच्यात पोकळी राहते.